पाव आटा

नखत्राणा, कच्छ
९ जानेवारी २०२५

मामा, पाया पडतो.

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र चुलीत घालू नका, एवढंच मागणं आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा लिहितोय. फोन केला असता तर तुम्हाला ऐकू आलं नसतं. विहिरींच्या सुरुंगांनी तुमचे कान खाल्ले, आणि घरात दुसरं कोणी माझा फोन उचलत नाही. कल्याण तर नंबर बघूनच कापतो. त्याचं चुकत नाही. ज्याचा बाप माझ्यापायी गेला त्यानं माझ्याशी काय बोलावं?

तुमच्या दारातून निघालो तो आधी चाकण, मग सुरत, मग एका जेसीबीवर. सहा महिन्यांच्या वर कुठं बूड टेकलं नाही. आता इथं पवनचक्कीवर सात महिने झाले. माझ्या मानानं मुक्कामच म्हणायचा. काम काय तर बोल्ट आवळायचं. वाचून तुम्ही हसाल नाहीतर थुंकाल, पण तेच आहे. चक्कीचा खांब म्हणजे एकावर एक ठेवलेल्या मोठाल्या नळ्या. नळीच्या तोंडाला जाड कडं, कड्यावर कडं बसवायचं आणि शंभराच्या वर बोल्टांनी जोडायचं. मशीननं आवळायचं, रंगाची रेघ मारायची, काही दिवसांनी परत चढून तपासायचं. वरून बघितलं तर खाली सगळ्या वेड्या बाभळी, आपल्या शेवगावच्या वाटेवर आहेत तशाच.

लिहायचं कारण सांगतो. गावातल्या भीमानं मला फोटो पाठवला. तुम्ही विहिरीतला दगड उपसायची यारी पुन्हा उभी केलीत, आणि तिच्या डब्यात उभा राहून कल्याण विहिरीत उतरतोय. त्याच डब्यात, त्याचे वडील, धाकटे रंगनाथमामा, उभे राहायचे तसाच, एक हात दोराला आणि एक कमरेवर. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्या दिवसाचं आपण कधी बोललोच नाही. दिवाळीनंतर यारीच्या आडव्या हाताला नवे चार बोल्ट मीच घातले. पान्याला चार फुटी पाईप लावला आणि वर उभा राहून आवळले. रंगनाथमामा हसून म्हणाले, "अरं, बोल्ट हाय का वैरी?" मग माघात, म्हणजे तीन महिन्यांनी, त्यातला एक तुटला, बाकीच्यांनी तग धरला नाही, हात खाली आला. मामा तेव्हा डब्यात होते, निम्म्या विहिरीत. लोकांना माझा पाईप सापडला. गाव म्हणालं, अमृतनं पाईप लावून बोल्ट मारला. कोणी मला विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

आता इथं एक ओडिशाचे फोरमन आहेत, आम्ही त्यांना दासबाबू म्हणतो. त्यांनी मागच्या महिन्यात एक तुटका बोल्ट हातावर ठेवला. म्हणाले, याचं तोंड वाच. तुटलेल्या जागी निम्मं गुळगुळीत, त्यावर एकामागं एक रेघा, आणि उरलेलं खरखरीत. ते म्हणाले, हा एका दणक्यात तुटलेला नाही, हा सैल राहिला म्हणून रोज थोडा थोडा तुटत गेला. जास्त आवळलेला बोल्ट बहुतेक आवळतानाच, पान्याखालीच तुटतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घुमतंय. आपला तो बोल्ट तुम्ही ठेवलाय का? त्याचं तोंड कसं आहे, तेवढं कळवा. मला सुटायचंय असं समजू नका. पण समजलात तरी खोटं नाही.

अमृत


ता. शेवगाव
२१ जानेवारी

चि. अमृत,

पत्र पोचलं. चुलीत घातलं न्हाई. अक्षर तुझं अजून कोंबड्याच्या पायाचंच हाय, पर वाचता आलं.

तो बोल्ट मी तवाच दगडाच्या ढिगात फेकला. त्याचं तोंड बघून रंगनाथ माघारी येनार हाय का? उकरू नको.

मी तुला कधी शिवी दिली न्हाई. तुझी बावीस वर्साची अक्कल, अंगात रग, काय म्हनायचं तुला? उलट तू बोल्ट आवळलेस त्या दिवशी मी तुझी चूक निस्तरायला गेल्तो. तू जेवायला गेलास तवा मी चारी नट पाव आटा, म्हंजे पाव फेरा, मागं फिरवले आनि वरून दुसरा नट घालून पक्के केले. माझी रीतच हाय ती. कान गेल्यावर एकदा आवळताना बोल्ट माझ्या हातातच तुटला. आधी तो कुरकुरला असंल, मला ऐकू आलं न्हाई. तवापासून मी पुरा आवळतो आनि पाव आटा परत देतो. बैलाच्या गळ्यातल्या सापतीला आपन बोटभर ढील ठेवतो, तसं. आधीच ताणलेल्याला आनिक ताण दिला तर तो तुटनारच. वजन पेलायला त्याला जागा ठेवाय पाहिजे. पर तुझ्या वक्ताला मी ढील दिली तवर उशीर झाला हुता. तू त्याचा जीव आधीच काढला हुता.

कल्याणची काळजी करू नको. आता पाना मी कुनाच्या हातात देत न्हाई. चारी बोल्टांना पाव आटा मोकळा हाय, मी रोज बोट लावून बघतो. रंगुबाईच्या रानातली विहीर चाळीस फुटावर गेलीय, खाली काळा पाषान लागलाय. दिसाला ऐंशी-नव्वद डबे निघत्यात.

कल्याणच्या आईला, सविताला, तुझं पत्र दाखवलं न्हाई. जिवाला जप. लई उंच चढतोस म्हनं.

कारभारी


नखत्राणा
२८ जानेवारी

मामा, पाया पडतो.

तुमचं पत्र पाच वेळा वाचलं. उत्तराचे दोन कागद फाडले, हा तिसरा.

बोल्टाच्या तोंडाचं मी विचारलं ते विसरा. चूक माझी होती, ती माझ्याकडंच राहू द्या. मी परत विचारणार नाही. आता फक्त कल्याणचं बोलू.

हे पत्र मिळेल त्या दिवशी यारी बंद ठेवा. कारण काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. दोर घासलाय म्हणा, डिझेल संपलं म्हणा. पण कल्याणला डब्यात पाऊल टाकू देऊ नका. मग मी सांगतो ते एकदा हातानं करून बघा. तुम्हाला कोणी नुसतं सांगितलेलं पटत नाही, म्हणून हातानं करायचं लिहितोय.

कापूस मोजायचा ताणकाटा काढा. कडुनिंबाच्या फांदीला टांगा. बरोबर खाली जमिनीत पहार ठोका. काट्याच्या आकड्यातून पहारीला तार बांधा, सुतळी नको, तारच घ्या. तार पिळून पिळून काटा वीस किलोवर आणा आणि तसाच राहू द्या. आता काट्याच्या आकड्याला दहा किलोचा दगड अडकवा. काटा किती दाखवतो बघा. तुम्ही म्हणाल तीस. मीही तेच म्हणालो होतो आणि इथले सगळे माझ्यावर हसले.

काटा विसावरच राहील. दगड काढा, तरी वीस. पुन्हा लावा, वीस. काट्याला दगड आलेला कळतसुद्धा नाही. कारण दगडानं काट्याला आणखी ओढलं नाही, त्यानं तारेचा ओढा कमी केला. तार आधी विसानं ओढत होती, आता दहानं ओढते. वीस किलोच्या पुढचा दगड लावलात तरच तार लोंबेल आणि काटा हलेल.

मग तार सोडून द्या आणि तोच दगड लावा. काटा शून्यावरून दहावर जाईल. काढला की शून्य. लावला की दहा. दर वेळी पुरा हिसका.

काटा म्हणजे आपला बोल्ट. तार म्हणजे त्यानं दाबून धरलेले यारीचे दोन लोखंडी पाट. बोल्ट पुरता ताणलेला असला तर तो पाटांना आवळून धरतो. भरलेला डबा वर निघाला की तो ओढा आधी पाटांमधला दाब कमी करतो. बोल्टाला अगदी काहीच लागत नाही असं नाही. दासबाबू म्हणतात दहातला एखादा हिस्सा लागतो. पण ढील दिली की पाट कामातून गेले. मग प्रत्येक डब्याचा सगळा ओढा एकट्या बोल्टावर. दिवसाला नव्वद वेळा.

बैलाचं तसं नसतं मामा. बैलाला श्वास घ्यायचा असतो, म्हणून सापती ढिली. बोल्टाला श्वास नाही.

करून पटलं तर चारी बोल्ट नवे आणा, डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा लिहिलेले. दोन्ही पाट खरवडून गंज आणि रंग काढा, नाहीतर तो रंग दबून परत ढील पडते. हातानं घट्ट बसवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा. मागं फिरवायचं नाही. नटावरून पाटावर रंगाची रेघ मारा, म्हणजे हलला तर डोळ्याला दिसेल. आणि आवळताना कान असलेलं कोणीतरी जवळ पाहिजे. हातोडीनं टोकलं की सैल बोल्ट बद्द बोलतो, ताणलेला खणकन वाजतो. हे तुम्हीच मला शिकवलं होतं, कान होते तेव्हा.

अमृत


ता. शेवगाव
६ फेब्रुवारी

अमृत,

यारी बंद ठेवलीय. कल्याणला दोर घासला म्हनून सांगितलं. तो चिडलाय, रंगुबाई पन रोज बांधावर येऊन बघून जाती.

काटा टांगला. मला आकडे नीट दिसत न्हाईत म्हनून सविताला बोलावलं. ती बोटं दाखवून आकडा सांगत हुती. कशासाठी ते तिला सांगितलं न्हाई. दहाचा दगड लावला. तिनं दोन्ही हाताची बोटं दोनदा दाखवली, वीस. मला खोटं वाटलं. मी काढून परत लावला. परत वीस. पंधराचा लावला तरी वीस. मग तार सोडली आनि दहाचा लावला तवा काटा झोके खायला लागला. मी तो दगड किती वेळ लावत हुतो आनि काढत हुतो, मला कळलं न्हाई. सवितानं शेवटी माझा हात धरला.

एकच विचारतो. जास्त आवळलेला बोल्ट आवळतानाच तुटतो, का मागून तीन महिन्यानी पन तुटू शकतो? खरं लिही.

कारभारी


नखत्राणा
१२ फेब्रुवारी

मामा, पाया पडतो.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर दोन्ही आहे. काही आवळताना तुटतात, काही मागून तुटतात. लोखंडाचं काही सांगता येत नाही. पहिल्या पत्रात मी आवळताना तुटतो असं लिहिलं ते दासबाबूंचं बोलणं होतं, सगळंच खरं असेल असं नाही. आपल्या बोल्टाचं म्हणाल तर पाईपानंच झालं असणार. चार फुटी पाईप आणि वर मी उभा. दुसरं काय?

तेव्हा तो विषय सोडा. नवे बोल्ट आणलेत का? आवळायला कोणी जाणता माणूस मिळाला का? तेवढं लिहा.

इथं वारा लई सुटलाय, चार दिवस वर चढू देत नाहीत. खाली बसून राहिलं की पाय वळवळतात. रोज वाटतं, गाठोडं उचलावं आणि निघावं. पण कुठं निघावं ते सुचत नाही.

अमृत


ता. शेवगाव
१२ मार्च

चि. अमृत,

उत्तराला उशीर झाला.

तुझं बारा तारखेचं पत्र खोटं हाय. लहानपनी बोरं चोरून खाल्लीस की तू असंच दोन्हीकडून बोलायचास. मी तुला त्यासाठी बोलनार न्हाई, कारन मी पन खोटं लिहिलं हुतं. बोल्ट मी फेकला न्हवता. रंगनाथची तंबाखूची चंची हाय ना, त्यात घालून हत्याराच्या पेटीत तळाला ठेवला हुता. दोन वर्सं मी ती पेटी उघडायचो, वरचे पाने घ्यायचो आनि लावून टाकायचो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी चंची सोडली. बोल्ट उन्हात धरला. निम्म्याहून जास्त तोंड गुळगुळीत हाय. त्यावर रेघा हायत, एकीच्या आत एक. उन्हाळ्यात तळं आटत जातं आनि काठाला पानी हटल्याच्या रेघा राहत्यात, तशा. शेवटी एका कडेला नखाएवढं खरखरीत, गुळाची ढेप फोडल्यागत. मी अडानी मानूस, पर तळं एका दिवसात आटत न्हाई हे मला कळतं. तीन महिने तो रोज आटत हुता. मी रोज बोट लावून बघत हुतो आनि म्हनत हुतो, हाय मोकळा.

तू पुरा आवळला हुतास. तुझ्या पाईपानं तो मेला न्हवता.

मला वाटलं हुतं, हे घेऊनच जावं. कुनाला काय कळनार हाय? चारी बोल्ट गुपचूप नवे घालावे, कल्याण सुखरूप, झालं. आठ दिवस तसंच वागलो. पर सवितानं काटा बघितला हुता. ती ताट वाढताना माझ्या हाताकडं बघायची. एक दिवस सकाळी मी तिला आनि कल्याणला यारीपाशी नेलं आनि बोल्ट तिच्या हातात दिला. काय झालं ते सगळं सांगितलं. पाव आटा कुनी मागं फिरवला ते सांगितलं. त्या दिवशी तू जेवायला गेला हुतास आनि ताट तिनंच वाढलं हुतं, ते पन सांगितलं.

ती बोलत हुती. मला ऐकू येत न्हाई, नुसतं तिच्या ओठांवर तुझं नाव कळलं. कल्याण मान खाली घालून उभा हुता. ती त्याच्याकडं बघून काहीतरी म्हनाली, तवा त्यानं मोबाईल काढून लिहिलं आनि माझ्यापुढं धरला. आईचं बोलनं त्याला स्वतःच्या हातानं लिहावं लागलं. लिहिलं हुतं, "दादा, अमृतचं ताट मी त्या दिसापासनं मांडलं न्हाई. कुनाच्या सांगन्यावरनं?"

मी कुनाला तसं सांगितलं न्हवतं. पर गाव सांगत हुतं तवा मी गप हुतो. मला वाटायचं, गप बसलो म्हंजे तुला सांभाळलं.

मग नऊ दिवस सविता आमच्यात जेवायला बसली न्हाई. ती मला वाढायची आनि उंबऱ्याबाहेर जाऊन बसायची. कल्याण शेवगावला जाऊन बोल्ट घेऊन आला. मी सांगितलं न्हवतं. तुझं पत्र त्यानं कवा वाचलं मला ठाऊक न्हाई, पर आणले ते ८.८ चेच. मी पाट खरवडले, अगदी चकचकीत केले. मग आवळायला बसलो. अमृत, पाना हातात घेतला आनि माझ्या हातानं ऐकलं न्हाई. पुरा आवळायचा म्हनलं की माझ्या हातात तुटलेल्या त्या जुन्या बोल्टाची भीती, आनि थांबायचं म्हनलं की रंगनाथ. किती झालं म्हंजे पुरं, ते मला कान असताना कळायचं. आता कळत न्हाई.

दहाव्या दिवशी सविता आली. हातात हातोडी. माझ्याकडं बघितलं न्हाई. एका बोल्टावर टोकलं, कान लावला आनि मान हलवली, म्हंजे न्हाई. मी अजून आवळला. तिनं परत टोकलं. न्हाई. मी आवळला. असं करत करत तिनं एकदा हात वर केला, पुरं. मग दुसरा. मग समोरचा. मला आवाज आला न्हाई, पर दर खेपेला तिचं तोंड बघत हुतो. रंगनाथ गेल्यापासनं ती यारीजवळ पहिल्यांदा उभी राहिली.

तीन बोल्ट झाले. रेघा मारल्या. चौथा राहिलाय. तो अडचनीतला हाय, यारीच्या हाताखालचा, तिथं माझा जोर पुरत न्हाई आनि कल्याणला तिनं पान्याला हात लावू दिला न्हाई. तिनं चौथ्यावर टोकलं. एकदा, दोनदा. मग हातोडी खाली ठेवली. कल्याणनं मोबाईलवर लिहिलं ते तसंच उतरवून देतो.

"आई म्हणते, हा अजून बद्द बोलतोय. आवळणारा येईपर्यंत डब्यात कोणी बसणार नाही. रंगुबाईला तिनं तसं सांगितलंय. अमृतदादा, तुझा नंबर मी आता कापणार नाही."

यारी उभी हाय. विहीर चाळीस फुटावर थांबलीय.

येताना काही आनू नको. तुझा पाईप मी टाकून दिला न्हवता, गोठ्याच्या भिंतीला उभा हाय.

कारभारी